काही झाले नाही

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात गाडीपाशी आलो की कुणी ना कुणी तरी तिच्याभोवती एक फेरी मारतोच. संसारी माणूस विचारतो, “किती देते?” तरुण विचारतो, “किती पळते?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही खरे देतो, दुसऱ्याचे थोडे वाढवून देत असू. ही गाडी किती अंतरात थांबते, हा प्रश्न मात्र आजवर आम्हाला कुणी विचारलेला नाही. गाडी घेताना आम्हीही तो विचारला नव्हता.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची पोलो, आणि तिच्यातलीही जीटी टीएसआय. पुणे जिल्ह्यात चाकणला या कंपनीचा कारखाना २००९ साली सुरू झाला. पोलो २०१० मध्ये बाजारात आली, तिची ही चपळ बहीण २०१३ मध्ये, आणि २०२२ मध्ये पोलोचे भारतातले उत्पादनच थांबले. आमची गाडी दुसऱ्या हाताची. बाहेरून पाहावे तर वसई पूर्वेच्या कोणत्याही इमारतीखाली उभी असते तशीच एक छोटी हॅचबॅक. शेजाऱ्यांना तिच्यात वावगे काही दिसत नाही. पण ११९७ सीसीच्या त्या लहानशा इंजिनात १०५ अश्वांचे बळ कोंडलेले आहे. धुराड्यावाटे वाया जायचा तो वायू आधी एक पाते फिरवतो, ते पाते इंजिनात जादा हवा कोंबते, आणि त्या हवेच्या बळावर गाडी पुढे झेपावते. गिअर आपोआप बदलतात. एक लागलेला असताना पुढचा तयार होऊन बसलेला असतो. थांबलेल्या स्थितीतून शंभराच्या वेगाला पोहोचायला दहा सेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो, असे कंपनी सांगत असे. गिअरच्या दांड्याला ‘डी’च्या खाली ‘एस’ असे एक अक्षर आहे. दांडा तिथे ओढला की गाडीचा स्वभावच पालटतो. ती पुढच्या गिअरची घाई करीत नाही, इंजिनाचा सूर चढा राहतो आणि पायाच्या नुसत्या स्पर्शाची ती वाट पाहत असते.

असली गाडी घेऊन एव्हरशाईन सिटीत राहणे यात थोडा विनोद आहे, हे आम्ही मान्य करतो. नव्वदीच्या दशकापासून उभी राहत गेलेली ही वसाहत. मुंबईत घर न परवडलेली आणि पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांतून वेगळी निघून फ्लॅटमध्ये आलेली, अशी दोन्ही प्रकारची कुटुंबे इथे शेजारी शेजारी नांदतात. इथल्या रस्त्यावर रिक्षा, भाजीच्या हातगाड्या, शाळांच्या बसेस आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांतून वाट काढताना १०५ पैकी ९० अश्व तरी तबेल्यातच राहतात. जुलै २०१८ च्या पावसाने वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा तर रस्त्यावर मोटारीपेक्षा होडीची किंमत जास्त होती. तरीही आम्ही ती घेतली. का, याचे उत्तर आम्ही घरी “मजबूत गाडी आहे” असे दिले. ते खोटे नव्हते, पण खरे कारण ते नव्हते. आम्हाला ती चालवून पाहताना आनंद झाला होता.

तो आनंद कसा असतो हे सांगितल्यावाचून पुढचे सांगणे अप्रामाणिक होईल. शनिवारी पहाटे पाचला वसई फाट्यावरून आम्ही महामार्गाला लागतो आणि उत्तरेकडे, खानिवड्याचा टोलनाका ओलांडून मनोरपर्यंत जाऊन परततो. २०२४ च्या सुमारास रस्त्याच्या काँक्रीटच्या कामाने हे सुख बराच काळ हिरावून घेतले होते. पण रस्ता मोकळा असला, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर नुकता उजळू लागलेला असला, की लांब वळणावर चाक हातात जड होत जाते, गाडी जमिनीला धरून राहते, आणि मनातली सगळी बडबड थांबते. कचेरी, हप्ते, सोसायटीची भांडणे, काही उरत नाही. डोळा, हात, पाय आणि यंत्र यांचे जुळून येते. वेग कायद्याच्या मर्यादेत असतो. तो मुद्दाही नाही. मुद्दा हा की एखादी गोष्ट नीट जमून आल्याचे ते सुख आहे.

हे सुख आमच्या घरात नवे नाही. आमचे वडील वाडीतली केळी बैलगाडीने वसई रोड स्टेशनला पोहोचवीत. चांगली जोडी जुंपलेली असली की ते विनाकारण जरा लांबच्या वाटेने जात, असे आई सांगते. बैलांनाही ती हौस असे म्हणे. त्या हौसेला कोणत्याही फादरांनी पाप म्हटले नाही.

मोटारीच्या हौसेबद्दल मात्र आपल्याकडे दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. एकीकडे नवी गाडी आली की ती धर्मगुरूंकडे आशीर्वादासाठी न्यायची, आरशाला रोझरी बांधायची, डॅशबोर्डवर प्रवाशांचे पालक संत क्रिस्तोफर बसवायचे, आणि मग हवी तशी हाकायची. दुसरीकडे, वेगाची आवड ही मुळातच सैतानाची, चैन ती चैनच, असे ठणकावून सांगायचे. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये सेमिनरीतल्या तरुणांना आणि नवदीक्षितांना सांगितले होते की, धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नव्या झोकाच्या गाडीत दिसली की आपल्याला वेदना होतात. ते स्वतः त्याच वर्षी एका वृद्ध धर्मगुरूने भेट दिलेल्या जुन्या रेनॉ ४ मध्ये बसले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना भेट आलेली लॅम्बोर्गिनी त्यांनी आशीर्वाद देऊन लिलावात काढायला लावली आणि पैसा सत्कार्याला दिला. पोपमहोदयांचे ते बोलणे गरिबीच्या व्रताबद्दल आणि गाडीच्या दिमाखाबद्दल होते. त्याचा आधार घेऊन चालवण्यातला आनंदच अपवित्र ठरवणे आम्हाला पटत नाही.

या बाबतीत संत थॉमस अक्विनास आपल्या अनेक प्रवचनकारांहून मोकळ्या मनाचे होते. आनंदाचा दर्जा ज्या कृतीतून तो उपजतो तिच्यावरून ठरतो, असे ते मानीत. चांगल्या कृतीचा आनंद चांगला, वाईट कृतीचा वाईट. शरीराला विश्रांती लागते तसा मनाला खेळ लागतो, असे सांगताना त्यांनी संत योहानाची एक जुनी कथा दिली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोक बिचकले. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानांनी त्याला एकामागून एक बाण सोडायला सांगितले आणि विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. तसेच माणसाच्या मनाचे, असे योहानांचे उत्तर. आम्ही ही कथा वाचली तेव्हा पहाटेच्या त्या फेरीला जणू धर्मशास्त्राची परवानगी मिळाल्यासारखे वाटले. पण कृतीवरून आनंदाचा दर्जा ठरतो, हे त्यातले पहिले वाक्य आम्ही सोयीने घाईत वाचले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, एका संध्याकाळी, आम्ही एकटेच पश्चिमेला आईकडे निघालो होतो. एव्हरशाईनहून रेल्वेवरचा पूल उतरून अंबाडी रोडची गर्दी संपवली, आणि पुढे वाड्यांमधून जाणारे ते अरुंद रस्ते सुरू झाले. ते रस्ते बैलगाडीच्या मापाने पडलेले आहेत. दोन्ही बाजूंना वाडीच्या भिंती, भिंतींवरून झुकलेल्या केळी, आणि दर दोनशे पावलांवर आंधळे वळण. आमचे बालपण त्याच वळणांवर गेले. डोळे मिटूनही ती चालवता येतील असा आमचा समज होता. दिवसभर गर्दीत अडकलेल्या मनाला मोकळा रस्ता दिसला. दांडा ‘एस’वर ओढला. एक वळण सुंदर घेतले, दुसरे त्याहून सुंदर. तिसऱ्या वळणावर क्रूस आहे.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. क्रूसाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन रस्त्याच्या कडेवर आलेल्या होत्या. एक म्हातारी बाई खुर्ची सरळ करण्यासाठी रस्त्याकडे पाठ करून वाकलेली होती. आम्ही ब्रेकवर उभे राहिलो. पायाखाली ब्रेक थरथरला, टायर किंचाळले, बाईने मागे वळून पाहिले आणि दोन पावले भिंतीकडे सरली. ती सरली नसती तर गाडी तिच्यापर्यंत पोहोचली असती. खुर्चीला धक्का लागून ती आडवी झाली. आणखी काही नाही.

आम्ही खाली उतरलो. तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळले आणि आपल्या गावात प्रत्येक अनोळख्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न विचारला, “तू कोणाचा रे?” आम्ही वडिलांचे नाव सांगितले. “त्याचा का? तुझ्या बापाची गाडी इथून जायची तेव्हा लांबून घुंगरू ऐकू यायचे.” मग खुर्ची उचलून देत म्हणाल्या, “जा बाबा. काही झालं नाही. सावकाश जात जा.”

काही झाले नाही. हे शब्द घेऊन आम्ही आईच्या घरी गेलो, चहा प्यालो, आणि परत आलो. सौभाग्यवतींना काही बोललो नाही. काही झालेच नव्हते तर बोलायचे काय?

पुढे काही महिने हे शब्द आम्हाला पुरले. रात्रीच्या प्रार्थनेत आम्ही देवाचे आभारही मानले. त्याने निभावून नेले, त्याचा हात होता, असे आपण म्हणतो तसे म्हटले. पण हळूहळू या कृतज्ञतेतच काही कुजके आहे असे वाटू लागले. त्या बाईंच्या दोन पावलांचे श्रेय देवाला देऊन आम्ही आमचा हिशेब चुकता करून टाकला होता. हात देवाचा होता, हे मान्य. मग वेग कोणाचा होता?

तत्त्वज्ञानात या कोड्याला एक नाव आहे. इंग्लंडचे बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकेचे थॉमस नेगेल या दोघांनी १९७६ मध्ये ‘मॉरल लक’ या एकाच मथळ्याखाली या प्रश्नाची चर्चा केली. नैतिक नशीब, असे त्याला मराठीत म्हणू. नेगेल यांचे एक उदाहरण आमच्याच धंद्यातले आहे. एकाने गाडीचे ब्रेक तपासून घेण्यात हयगय केली. रस्त्यात मूल आडवे आले, तर मुलाच्या मृत्यूचे ओझे त्याला जन्मभर वाहावे लागेल. मूल आले नाही, तर तीच हयगय, तोच माणूस, पण कुणी त्याला फारसा दोष देणार नाही, आणि तो स्वतःलाही देणार नाही. मूल येणे न येणे त्याच्या हातात नव्हते. मग जे हातात नव्हते त्यावरून तो चांगला की वाईट हे कसे ठरावे?

ख्रिस्ती माणसाला या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटायला हवे. पाप इच्छेत असते, जाणीवपूर्वक दिलेल्या संमतीत असते, हे आपण पहिल्या कम्युनियनच्या वर्गातच शिकतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने खुनाच्या आज्ञेला हाताकडून हृदयाकडे नेले. भावावर धुमसणारा रागही त्याने त्याच आज्ञेखाली आणला. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथ आम्ही या निमित्ताने पुन्हा उघडला. वेगाच्या नादापायी रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषाचा धनी होतो, असा त्याच्या परिच्छेद २२९० चा आशय आहे, आणि तिथे वेगाचा नाद मद्यपानाच्या जोडीला बसवलेला आहे. हा परिच्छेद येतो ‘खून करू नको’ या पाचव्या आज्ञेच्या विवरणात. त्यात धोक्यात घालण्याबद्दल म्हटले आहे. मारण्याची अट नाही. जून २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरच्या प्रेषितकार्याविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. पहिली तीच, खून न करण्याची. पाचवी सांगते की गाडी हे सत्तेचे आणि दुसऱ्यावर वर्चस्व गाजवण्याचे साधन होऊ नये. त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्याची थोडी थट्टा केली होती. आम्हीही हसलो होतो, असे आठवते.

म्हणजे त्या संध्याकाळी जे व्हायचे ते पहिल्याच वळणावर होऊन गेले होते. तिसऱ्या वळणावर काय झाले नाही, एवढेच उरले होते.

हे लिहिताना एक सावधगिरी बाळगायला हवी. ज्याच्या हातून खरोखरच कुणाचा जीव गेला, त्याच्या शेजारी उभे राहून “आपण दोघे सारखेच” असे म्हणणे सोपे आहे, आणि त्यात एक प्रकारचा दंभही आहे. आम्हाला रात्री झोप लागते. त्या माणसाला लागत नसेल, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांना तर नाहीच. परिणामाला मोल नाही असे ख्रिस्तसभाही म्हणत नाही; झालेली हानी भरून देणे हा न्यायाचाच भाग आहे. आमचे म्हणणे एवढेच की परिणाम टळला म्हणून दोष टळत नाही. कायदा परिणामावरून शिक्षा मोजतो, त्याला दुसरा मार्ग नाही. सद्सद्विवेकाला ती सवलत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका महागड्या वेगवान मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या त्यांत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याचीही एक होती. सारा महाराष्ट्र संतापला. आम्हीही संतापलो, आणि तो संताप रास्त होता. पण टीव्हीसमोर बसून बोलताना आमचा आवाज जरा जास्तच चढला होता, हे सौभाग्यवतींच्या लक्षात आले. “तुम्हाला एवढं काय झालं?” त्यांनी विचारले. त्याचेही उत्तर आम्ही तेच दिले, काही झाले नाही. आता स्वतः निबंध लिहायला बसलो आहोत, आणि तो ३०० शब्दांत आटोपत नाही.

पापनिवेदनाला आम्ही गेलो ते आगमनकाळात. इतर नेहमीच्या पापांच्या यादीत हे जरा आडून घातले. फादर तरुण होते, बहुधा स्वतःही मोटारसायकल चालवणारे. त्यांनी विचारले, “वेग किती होता?” आम्ही म्हणालो, “पन्नास असेल.” मनात आले, पन्नास म्हणजे काही फार नाही. फादर म्हणाले, “आणि रस्ता किती दिसत होता?”

हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता, जसा गाडी किती अंतरात थांबते हा विचारला नव्हता. घरी येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेतली. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ८ मीटर जाते, ५० ने सुमारे १४ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरू. आमच्या वयाला तेवढा हवाच. पुढे ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, ३० ची गाडी सर्व मिळून साधारण १४ मीटरांत थांबते, ५० ची २८ मीटरांत. त्या वळणावर दिसतात फार तर २० मीटर. म्हणजे विसाव्या मीटरवर कुणी उभे असेल, तर ३० ने येणारा केव्हाच थांबलेला असतो, आणि ५० ने येणारा त्याच ठिकाणी अजून ३८ च्या आसपास धावत असतो. त्यात आमच्या कौशल्याला, जर्मन बनावटीच्या ब्रेकला, बालपणीच्या ओळखीला कुठेच जागा नव्हती. मध्ये होती फक्त त्या बाईंची दोन पावले.

दयाळू शोमरोनीच्या बोधकथेत तिघेही जण जखमी माणसाला पाहतात. याजक पाहतो, लेवी पाहतो, शोमरोनी पाहतो. कथा पाहिल्यानंतर काय केले याची आहे. पण पाहण्याइतका सावकाश तिघेही चालत होते, हे आम्हाला आता प्रथमच जाणवले. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता. शोमरोनीजवळ जनावर होते, आणि ते त्याला जागच्या जागी थांबवता आले. शेजारी कोण, हा शास्त्र्याचा प्रश्न होता. दिसण्याआधीच आपण ज्याच्या अंगावर जाऊन पोहोचतो, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला अवसरच मिळत नाही.

आणि एक गोष्ट. गाडीत आपण सुरक्षित असतो. २०१४ मध्ये भारतीय गाड्यांच्या धडक-चाचण्या झाल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या पोलोला एकही तारा मिळाला नाही, एअरबॅग असलेलीला चार मिळाले. त्यानंतर कंपनीने भारतातल्या सर्व पोलोंना त्या बसवल्या. चांगले झाले. आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. मागच्या आसनावरच्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे तपासात आले, आणि तेव्हापासून आम्ही मागे बसणाऱ्यालाही पट्ट्याशिवाय नेत नाही. पण पट्टा, एअरबॅग आणि ते चार तारे आतल्या माणसांचे आहेत. खुर्ची सरळ करायला वाकलेल्या बाईला तारे नव्हते. सुख आमचे आणि धोका तिचा, अशी ती वाटणी झाली होती, आणि तिला ती विचारून झालेली नव्हती. महामार्गावरच्या पहाटे आणि त्या गल्लीतल्या संध्याकाळी गाडी तीच होती, आनंदही बराचसा तोच. फरक या वाटणीत होता.

हा विषय आता लिहायला घेतला त्याचे कारण घरातले आहे. आमच्या मुलाला अठरा पूर्ण झाली. त्याआधी तो किल्ली मागे तेव्हा आम्ही २०१९ च्या दुरुस्तीचा कायदा दाखवत असू. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंतची कैद आणि २५ हजारांचा दंड. गेल्या महिन्यात त्याचा परवाना आला आणि तो कायदा आमच्या कामाचा राहिला नाही. जेवताना त्याने किल्ली मागितली. आम्ही वेगावर थोडे व्याख्यान दिले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पप्पा, तुमच्या हातून कधी काही झालं का?”

आम्ही म्हणालो, “नाही.”

सप्टेंबर २०१५ मध्ये आमच्या गाडीच्या कंपनीची एक लबाडी अमेरिकेत उघडकीला आली, ती वाचकांना आठवत असेल. तिच्या डिझेल गाड्यांत अशी संगणकीय क्लृप्ती बसवलेली होती की चाचणी चालू आहे हे गाडी ओळखी, आणि तेवढ्यापुरता तिचा धूर स्वच्छ होई. रस्त्यावर आली की पुन्हा पहिले पाढे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या तशा निघाल्या. भारतातही त्या डिसेंबरात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. आमची गाडी पेट्रोलची; तिचा त्या प्रकरणाशी संबंध नाही, हे आम्ही लोकांना मोठ्या तोऱ्याने सांगत आलो. जेवणाच्या ताटावर आम्ही जे “नाही” म्हणालो, ते तपासायला बसले तर बरोबर आहे. कुणाला खरचटलेही नव्हते. पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरा दिसला की पाय उचलणारे आणि मागे पडला की पुन्हा दाबणारे आम्ही सगळे, याच “नाही”च्या आधारावर स्वतःला चांगले चालक म्हणवतो.

रात्री उशिरा आम्ही आधी सौभाग्यवतींना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला नाही सांगितलंत ते नाही सांगितलंत. त्याला सांगा.” गाडी विकावी का, असे आम्ही विचारले. त्यावर त्यांनी जे म्हटले ते कोणत्याही ग्रंथात आम्हाला सापडले नव्हते: “गाडी विकून काय होणार? हाकणारा घरातच राहणार ना.”

गेल्या रविवारी संध्याकाळी आम्ही मुलाला घेऊन पश्चिमेला गेलो. गाडी मोठ्या रस्त्यावरच लावली आणि आत चालत निघालो. वाटेत त्याला सगळे सांगितले, ‘एस’पासून खुर्चीपर्यंत. त्याला आधी हसू आले, मग आले नाही. तिसऱ्या वळणावर, जिथून क्रूस प्रथम दिसतो तिथे आम्ही त्याला उभे केले आणि पावले मोजायला लावली. मोठी पावले टाकीत त्याने बावीस मोजली. परत जाऊन त्याने पुन्हा मोजली, या वेळी जरा लहान पावलांनी, आणि सत्तावीस भरली. कोणती धरायची, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, मीटर वीसच.

क्रूसाजवळ खुर्च्या मांडणे चालू होते. त्या बाई आता वाकत नाहीत. काठी घेऊन बसून असतात आणि पोरांकडून खुर्च्या लावून घेतात. मुलाला पाहून त्यांनी विचारले, “तू कोणाचा रे?”

त्याने आमच्याकडे बोट दाखवले. बाईंनी डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिले.

“म्हणजे त्या गाडीवाल्याचा. गाडी कुठे आज?”

“मोठ्या रस्त्यावर लावलीय, आजी.”

“मग बस,” त्या म्हणाल्या, “रोझरीला अजून वेळ आहे. आधी ती कडेची खुर्ची आत घे.”